धुऊन वापरायचा एअर फिल्टर (पिकअप वाहनांतील)

पिकअप वाहनातला मूळ कागदी एअर फिल्टर काढून त्याच्या जागी बसवला जाणारा, धुऊन पुन्हा पुन्हा वापरता येणारा फिल्टर. तो बहुधा तेल लावलेल्या सुती जाळीचा असतो. कृत्रिम धाग्यांचा कोरडा फिल्टर आणि फोमचा फिल्टर हे आणखी दोन प्रकार. फोर्ड एफ-१५०, शेव्हरोले सिल्व्हराडो, रॅम अशा मोठ्या पिकअप जिथे रोजच्या वापरातल्या गाड्या आहेत, त्या अमेरिकेत याची मोठी बाजारपेठ आहे. विकणारे तीन गोष्टी सांगतात : गाडीचा पिकअप वाढतो, इंधन वाचते आणि फिल्टर आयुष्यभर पुरतो. पहिल्या दोन रोजच्या वापरात जाणवण्याजोग्या नाहीत. तिसरी खरी आहे, पण तिची किंमत दुसरीकडे मोजावी लागते.

धुऊन वापरायची कल्पना कागदी फिल्टरपेक्षा जुनी आहे. ट्रॅक्टर किंवा जुनी जीप हाताळलेल्यांना ऑइल बाथ एअर क्लीनर ठाऊक असतो : खाली तेलाची वाटी, वर तारेची जाळी. हवा तेलावर आपटून वळते, धूळ तेलात बसते आणि शेतकरी ठरावीक तासांनी वाटीतला चिखल काढून नवे तेल भरतो. तेल लावलेला सुती फिल्टर म्हणजे तेच तत्त्व घड्या घातलेल्या कापडावर आणलेले. त्यातला सर्वांत परिचित ब्रँड के अँड एन. केन जॉन्सन आणि नॉर्म मॅकडॉनल्ड यांच्या आद्याक्षरांवरून नाव पडलेली ही कंपनी १९६९ साली कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड येथे सुरू झाली, आणि तिची मुळे मोटरसायकलच्या धंद्यात होती. शर्यतीत इंजिन बराच वेळ पूर्ण जोरावर चालते आणि थोड्याथोडक्या तासांनी उघडले जाते. तिथे हवा मोकळी मिळण्याला किंमत आहे. दोन-अडीच लाख किलोमीटर चालवायच्या गाडीचे गणित वेगळे असते.

ताकद आणि इंधन. एक लिटर पेट्रोल जाळायला सुमारे ९,००० लिटर हवा लागते, म्हणून हवेची वाट मोकळी केली की इंजिन खुलेल, असे वाटणे साहजिक आहे. पण पेट्रोल इंजिनात हवेला सर्वांत मोठा अडथळा फिल्टरचा नसून थ्रॉटलच्या, म्हणजे ॲक्सिलरेटर दाबल्यावर उघडणाऱ्या झडपेचा असतो. पाय अर्धाच दाबला असेल तेव्हा ती झडप मुद्दामच हवा अडवत असते. फिल्टरचा अडथळा किंचित घटला, तर तेवढ्याच वेगासाठी झडप किंचित कमी उघडते, इतकेच. फरक पडलाच तर तो पूर्ण थ्रॉटलवर, इंजिनाच्या चढ्या फेऱ्यांत, आणि तोही थोडा. डिझेल पिकअपमध्ये ताकद किती मिळणार हे मुख्यतः इंधनाच्या मात्रेवर ठरते. शिवाय मूळ फिल्टर पूर्ण भाराला पुरेल असाच निवडलेला असतो.

अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये चोंदलेल्या फिल्टरचा परिणाम मोजला. संगणक-नियंत्रित पेट्रोल गाड्यांत फिल्टर चोंदला तरी इंधनाच्या खपात लक्षणीय फरक पडला नाही. वेग घेण्याची क्षमता तेवढी घटली. चोंदलेल्या फिल्टरनेही ॲव्हरेज पडत नसेल, तर स्वच्छ कागदी फिल्टर काढून स्वच्छ सुती बसवल्याने ते वाढण्याचे कारण उरत नाही. मग इतक्या मालकांना फरक ‘जाणवतो’ कसा? बऱ्याचदा कानामुळे. फिल्टरबरोबर उघड्या तोंडाचा इनटेक (इंजिनात हवा नेणारी नळी) बसवला की हवा ओढल्याचा घोगरा आवाज केबिनपर्यंत येतो, आणि आवाज वाढला की गाडी पळते असे वाटते. सायलेन्सर काढून फिरणाऱ्या मोटरसायकलवाल्यांना हे पटेल.

धूळ. खरा प्रश्न इथे आहे. फिल्टरची परीक्षा आयएसओ ५०११ या मानकानुसार होते : ठरावीक धूळ सोडायची आणि किती अडली ते तोलायचे. चांगला कागदी फिल्टर ९९ टक्क्यांहून बरीच अधिक धूळ अडवतो. तेल लावलेल्या सुती फिल्टरसाठी साधारण ९७ ते ९९ टक्के सांगितले जातात. ऐकायला दोन्ही सारखेच वाटतात, पण मोजायची असते ती अडलेली धूळ नव्हे, निसटलेली. समजा फिल्टरपाशी ५०० ग्रॅम धूळ आली. ९९.९ टक्क्यांच्या फिल्टरमधून अर्धा ग्रॅम आत जाईल आणि ९७ टक्क्यांच्या फिल्टरमधून १५ ग्रॅम, म्हणजे तीसपट. ही धूळ बरीचशी सिलिकाची, म्हणजे वाळूचीच. ती पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत घासते, आणि वापरलेल्या ऑइलच्या तपासणीत सिलिकॉनचा वाढलेला आकडा म्हणून दिसते. नुकताच धुतलेला फिल्टर सर्वांत कमी धूळ अडवतो, हेही लक्षात घ्यावे. साचलेला थर स्वतःच गाळण्याचे काम करत असतो. वारंवार धुणारा हौशी मालक इंजिनाचे नुकसानच करतो.

तेल आणि सेन्सर. धुतल्यावर तेल जास्त झाले तर ते हवेबरोबर ओढले जाऊन मास एअरफ्लो सेन्सरच्या तापलेल्या तारेवर बसते. मग हवेचे माप चुकते आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. जनरल मोटर्सने आपल्या विक्रेत्यांना याबद्दल सेवा-पत्रकच काढले होते : अशा तेलामुळे सेन्सर बिघडला तर ती दुरुस्ती वॉरंटीत धरू नये. केवळ दुसऱ्या कंपनीचा भाग बसवला म्हणून वॉरंटी रद्द करता येत नाही, असे अमेरिकेचा १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा सांगतो. पण बिघाड त्या भागानेच झाल्याचे दिसले, तर तो खर्च मालकाचा. कोरड्या कृत्रिम फिल्टरला ही अडचण नाही.

धुण्यालाही वेळ लागतो. क्लीनर फवारून थोडा वेळ मुरू द्यायचे, मग मंद धारेचे पाणी स्वच्छ बाजूकडून मळक्या बाजूकडे सोडायचे. सावलीत पूर्ण वाळवायचे. कॉम्प्रेसरची हवा किंवा हेअर ड्रायर लावायचा नाही. मग प्रत्येक घडीच्या कडेने लाल तेलाची बारीक रेघ ओढायची. वीस मिनिटांनी पाहिले की जिथे तेल पोहोचले नाही तिथे सूत पांढरे राहिलेले दिसते. तेवढ्याच जागी पुन्हा थेंब द्यायचे. गाडी तोवर उभी.

हिशेब. कागदी फिल्टर २५ डॉलरला आणि तो ३०,००० मैलांनी बदलायचा असे धरले, तर दीड लाख मैलांत चार वेळा बदलून १०० डॉलर जातात. सुती फिल्टर ६० ते ८० डॉलरचा, धुण्याचे सामान साधारण २० चे. बचत झालीच तर एखाद्या जेवणाची. वर्षाला फार मैल चालणाऱ्या, डांबरी रस्त्यावरच्या आणि धुण्याची शिस्त असलेल्या मालकाला तो परवडतो. बांधकाम, खाणी, शेतरस्ते यांवर चालणाऱ्या पिकअपला कागदीच योग्य.

महाराष्ट्रात ‘पिकअप’ म्हटले की कांदा-टोमॅटो घेऊन बाजार समितीकडे निघालेली बोलेरो पिकअप डोळ्यांसमोर येते. मळ्यातून डांबरी रस्त्यापर्यंतचा फुफाटा हीच तिच्या फिल्टरची परीक्षा. इथे कागदी फिल्टरच ‘हवा मारून’ पुन्हा वापरतात. पंक्चरच्या दुकानातला जोराचा दाब जवळून मारला की कागदाला केसाएवढी भोके पडतात. फिल्टरच्या आत टॉर्च धरून अंधारात पाहिले तर ती उजेडाच्या ठिपक्यांसारखी दिसतात, आणि तसा फिल्टर फेकायचा असतो. कागदी असो वा सुती, काठाची रबरी पट्टी नीट बसली नसेल तर टक्क्यांना अर्थ राहत नाही. डबा उघडून फिल्टरच्या पुढच्या, म्हणजे इंजिनाकडच्या पाइपात बोट फिरवावे. बोटाला माती लागली, तर हवा फिल्टरला वळसा घालून जात आहे.