पॉइंटवालं की पॅकवालं? जुन्या बोटीसाठी आउटबोर्ड इंजिन निवडताना

जुनी बोट दुरुस्तीला घेतली की फळ्या, ट्रान्सम (इंजिन टांगायची मागची उभी फळी), रंग यांवर महिनोन्‌महिने खल होतो आणि इंजिन मात्र एका फोटोवर ठरतं. जाहिरातीत लिहिलेलं असतं, ‘जुनं टू-स्ट्रोक, चालू स्थितीत’. एवढ्याशा वर्णनात दोन वेगळ्या पिढ्या दडलेल्या असतात. एक 1950च्या दशकातली, मॅग्नेटो (चुंबकाने वीज तयार करणारी यंत्रणा) आणि पॉइंट (ठिणगीसाठी उघड-मीट करणारे धातूचे संपर्क) यांवर चालणारी. दुसरी 1970च्या दशकाच्या अखेरीपासून 1980च्या दशकातली, इलेक्ट्रॉनिक पॅकवर, म्हणजे ठिणगी सांभाळणाऱ्या बंद ठोकळ्यावर चालणारी. दोन्हींत पेट्रोलमध्ये तेल मिसळायचं, दोन्ही दोरी ओढून सुरू होतात आणि झाकण लावलेलं असलं की नवख्याला दोन्ही सारखीच वाटतात. माझ्या मते वय किंवा कंपनी बघण्याआधी एकच गोष्ट बघावी: हे इंजिन बिघडलं तर आपल्या हातून दुरुस्त होईल का?

कंपनीचा वाद तर लगेच मिटवता येतो. जॉन्सन घ्यावं की एव्हिनरूड, यावर लोक तावातावाने भांडतात. पण 1930च्या दशकाच्या मध्यापासून दोन्ही नावं ओएमसी (आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशन) या एकाच कंपनीकडे होती, आणि आपण बोलतोय त्या काळातल्या बहुतेक मॉडेलांत झाकण नि स्टिकर सोडले तर आतला माल एकच. पार्ट एकमेकांना बसतात. ज्याची अवस्था चांगली ते घ्यावं.

खरा फरक फ्लायव्हीलखाली, म्हणजे इंजिनाच्या जड फिरत्या चाकाखाली आहे. जुन्या पिढीत तिथे दोन कॉइल, दोन कंडेन्सर आणि पॉइंटचे दोन संच असतात. फ्लायव्हीलमधलं चुंबक कॉइलसमोरून जातं, वीज तयार होते, पॉइंट उघडतात आणि त्या क्षणी ठिणगी पडते. बॅटरी लागत नाही. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या इंजिनात ठिणगी येत नसेल तर बहुतेकदा दोन कारणं निघतात: पॉइंटवर चढलेला गंज किंवा कॉइलच्या वेष्टनाला गेलेले तडे. पुलर लावून फ्लायव्हील काढायचं (पाना घालून उचकटायचं नाही, हातोडा तर नाहीच), पॉइंट बारीक पॉलिश पेपरने घासायचे, स्पिरिटमध्ये बुडवलेला कागदाचा तुकडा त्यांच्यामधून फिरवायचा आणि पॉइंट पूर्ण उघडे असताना फीलर गेजने फट बसवायची. ओएमसीच्या बहुतेक छोट्या इंजिनांत ती 0.020 इंच, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर असते. बिघाड डोळ्यांना दिसतो, हे या पिढीचं मोठं सुख आहे.

नव्या पिढीत पॉइंट नाहीत. फ्लायव्हीलखालची एक कॉइल कपॅसिटर चार्ज करते, ट्रिगर कॉइल योग्य वेळी इशारा देते आणि पॅक तो सगळा साठा इग्निशन कॉइलमध्ये सोडतो. ठिणगी जोरदार पडते, घासायला-झिजायला काही नसल्यामुळे टायमिंग सरकत नाही आणि चांगल्या अवस्थेतलं इंजिन वर्षानुवर्षं हात न लावता चालतं. पण पॅक म्हणजे रेझिनमध्ये ओतलेला ठोकळा. तो गेला की बदलायचा, उघडायचा नाही. शिवाय दोष पॅकचा आहे, स्टेटरचा (चार्ज करणाऱ्या कॉइलचा) की ट्रिगरचा, हे साध्या मीटरवर नीट कळत नाही. त्यासाठी क्षणिक उच्च व्होल्टेज पकडणारा ॲडाप्टर लागतो. तो नसला की माणूस अंदाजाने एकेक पार्ट बदलत बसतो, आणि स्वस्तात घेतलेलं इंजिन तिथेच महाग पडतं.

इंधनाची बाजूही अशीच. 1950च्या दशकातल्या ओएमसी इंजिनांवर बहुधा पेट्रोल पंपच नसतो. टाकीकडे जोडनळी जाते: एका नळीतून क्रँककेसमधली (पिस्टनखालच्या कप्प्यातली) हवा टाकीत शिरते आणि त्या दाबाने दुसऱ्या नळीतून पेट्रोल वर चढतं. टाकीच्या झाकणाचं गॅस्केट वाळलं असेल तर दाब टिकत नाही आणि इंजिन थोडं चालून मरतं. लोक मग उगाच कार्ब्युरेटर खोलत बसतात. मला मात्र बोटीत दाबाखाली ठेवलेलं पेट्रोल आवडत नाही. नळीला भेग पडली तर ते नुसतं ठिबकत नाही, उडतं. अशा इंजिनावर क्रँककेसच्या स्पंदनांवर चालणारा छोटा पंप बसवून एकनळी टाकी लावता येते, आणि बोट खरोखर पाण्यात वापरायची असेल तर ते करावंच. त्या काळच्या कार्ब्युरेटरमधले फ्लोट (पेट्रोलची पातळी राखणारे तरंगते तुकडे) बुचाच्या लाकडाचे, वरून लाखेचा थर दिलेले. इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये तो थर सुटतो, बूच पेट्रोल पितं आणि फ्लोट बुडतो. प्लॅस्टिकचा फ्लोट टाकला की प्रश्न मिटतो.

या दोन टोकांच्या मध्ये एक पिढी आहे आणि माझं मन तिच्यावर आहे: 1960च्या दशकापासून 1970च्या दशकाच्या मध्यापर्यंतची, पॉइंट असलेली पण पेट्रोल पंपावर चालणारी इंजिनं. दुरुस्तीला पहिल्या पिढीइतकी सोपी, टाकी मात्र साधी. एका प्रकारापासून लांब राहा: त्या काळात ओएमसीने काही मोठ्या इंजिनांवर विजेवर चालणारा गिअर दिला होता. त्याच्या कॉइल गिअरकेसमध्येच (प्रोपेलरजवळच्या गिअरच्या पेटीत), तेलात बुडालेल्या, आणि तेलही खास प्रकारचं लागतं.

तेलाचं प्रमाण झाकणावरच्या स्टिकरवर सोडू नका, मॉडेलचं मॅन्युअल बघा. 1950च्या दशकातल्या ओएमसी इंजिनांना 24:1 (24 भाग पेट्रोलला 1 भाग तेल) घालणं सुरक्षित. 50:1 हे साधारण 1964पासूनच्या मॉडेलांसाठी. जुन्याला पातळ मिश्रण दिलं की बेअरिंग जातात. दोन्हींत टीसी-डब्ल्यू3 दर्जाचंच, म्हणजे पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोकसाठीचं तेल, मोटरसायकलचं नाही.

हॉर्सपॉवरचे आकडेही सरळ तोलू नका. जुने आकडे क्रँकशाफ्टवर मोजलेले. 1980च्या दशकाच्या मध्यापासून ते प्रोपेलरच्या दांड्यावर मोजायला लागले, त्यामुळे नवं 25 हे जुन्या 25 पेक्षा सरस निघतं. शाफ्टची लांबी मात्र तडजोडीची गोष्ट नाही. ट्रान्समची उंची टेपने मोजा. 15 इंचाला शॉर्ट, 20 इंचाला लाँग.

बघायला जाताना कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजणारं) आणि स्क्रूड्रायव्हर न्या. गेजवरचा आकडा गेजागणिक बदलतो, त्यामुळे दोन सिलिंडरांतला फरक बघा. तो दहा टक्क्यांच्या वर गेला तर भाव पाडा किंवा निघून या. मग गिअरकेसचा खालचा स्क्रू जरा सैल करा. आधी पाणी आलं किंवा तेल दुधाळ निघालं तर सील गेलंय. इम्पेलर (थंड करायचं पाणी खेचणारं रबरी चक्र) कसाही असला तरी नवा टाकायचाच, त्यावर घासाघीस करू नका.

विक्रेत्याने सांगितलेल्या सालावर विसंबू नका. 1980पासूनच्या ओएमसी मॉडेल नंबरात साल अक्षरांत लिहिलेलं असतं: आय, एन, टी, आर, ओ, डी, यू, सी, ई, एस ही अक्षरं ओळीने 1 ते 9 आणि 0. शेवटच्या भागात ‘सीओ’ दिसलं तर ते 1985चं. अशी अक्षरं नसलेला नंबर त्याआधीचा, आणि पार्ट मागवताना लागतो तो हाच नंबर.