कोरडे फडके मारण्याआधी हे वाचा

गाडी उन्हात उभी करून बोनेटकडे तिरपे पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल, बारीक रेषा दिसतील. काळ्या आणि गडद निळ्या गाडीवर जास्तच. या रेषांचा दोष ग्राहक रस्त्याला देतात. आम्ही गाड्या धुऊन देतो, आणि आमचे मत वेगळे आहे. सकाळी घाईत मारलेल्या कोरड्या फडक्याने त्या पडतात.

रंगाच्या सगळ्यात वर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर असतो. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम विसावा भाग. चमक त्याचीच, आणि ऊन-पाऊस झेलतो तोही तोच. खानापूर, जांबोटी, चोर्ल्याकडून बेळगावात आलेल्या गाडीवर तांबडी माती वाळून बसलेली असते आणि तिच्यात बारीक रेव असते. त्यावर फडके फिरवले की आपणच हा थर घासतो.

म्हणून आधी नुसते पाणी, आणि भरपूर. चाकांच्या वरच्या पोकळीत अडकलेला चिखलही पाण्यानेच सोडवा. मग गाडीचा शॅम्पू. भांड्यांचा साबण नको, तो तेलकटपणाबरोबर वॅक्सही उतरवतो. बादल्या दोन ठेवा: एकीत शॅम्पूचे पाणी, दुसरीत फडके खळबळायला साधे पाणी. टपापासून सुरुवात करून खाली या. दारांचा खालचा भाग शेवटी, आणि चाकांचे फडके वेगळेच. सावलीत धुवा आणि लगेच मायक्रोफायबरने टिपून घ्या. बोअरचे जड पाणी अंगावर वाळले की पांढरे डाग धरते, ते काढणे धुण्यापेक्षा कितीतरी कटकटीचे.

पक्ष्यांची विष्ठा मात्र धुण्याच्या दिवसापर्यंत ठेवू नका. ती आम्लधर्मी असते आणि उन्हात रंगावर कायमचा डाग पाडते. ओले फडके थोडा वेळ वर ठेवा, मऊ झाली की उचलून घ्या. इथल्या उद्यमबागेत फाउंड्रीजवळ, म्हणजे लोखंड ओतण्याच्या कारखान्याजवळ, गाडी रोज उभी राहत असेल, तर हात फिरवल्यावर पत्रा खरखरीत लागेल. ते लोखंडाचे कण असतात, शॅम्पूने निघत नाहीत. त्यासाठी क्ले बार, म्हणजे असे कण ओढून काढणारी मऊ चिकणमातीसारखी वडी, लागतो, आणि तो वॅक्सच्या आधीच फिरवायचा.

आता वॅक्स. कार्नोबा वॅक्स ब्राझीलमधल्या एका ताडाच्या जातीच्या झाडाच्या पानांपासून मिळते. त्याचा थर साधारण एक ते तीन महिने टिकतो. सिंथेटिक सीलंट, म्हणजे रसायनांपासून बनवलेला संरक्षक लेप, त्याहून जास्त. आमचा सल्ला असा: एकदा मे महिन्यात, पावसाच्या आधी, आणि एकदा दसऱ्याच्या सुमारास, उसाच्या ट्रॉल्यांचा धुरळा सुरू होण्याआधी. थर पातळच हवा. जाड लावून जास्त संरक्षण मिळत नाही, पुसायलाच त्रास होतो. पाणी थेंबाथेंबाने न थांबता पत्र्यावर पसरू लागले, की वॅक्स संपले असे समजा.

वॅक्सने चरे जात नाहीत. बारीक रेषांना पॉलिश लागते, आणि पॉलिश म्हणजे क्लिअर कोट थोडा घासून काढणे. त्यामुळे दर सर्व्हिसिंगला पॉलिश आम्ही करत नाही, मागितले तरी. नख अडकेल इतका चरा पॉलिशनेही जात नाही. त्याला रंगाचेच काम लागते.

खंडेनवमीला पूजा जरूर करा, पण हळद-कुंकवाचा ओला लेप आणि नारळाचे पाणी संध्याकाळपर्यंत उन्हात ठेवू नका. हाराची तार बोनेटला टेकणार नाही एवढे पाहा.

गॅरेजमध्ये नुकताच रंग मारून घेतला असेल, तर गाडी सोडताना आधी सांगा. तो रंग पूर्ण सुकायला एक ते तीन महिने लागू शकतात, तोवर त्यावर वॅक्स लावू नये. मॅट रंगाच्या गाडीवर आम्ही वॅक्स लावतच नाही, फक्त धुऊन देतो.