कूट आणि व्यंजना: दोन लांबलचक गाणी आणि एक जुना घोळ

गिटार घेऊन बसलेल्या कोंडाळ्यात रात्री अकरानंतर ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ निघतंच. कुणाला एवढे सगळे शब्द पाठ असतील तर ‘अमेरिकन पाय’सुद्धा. गाणं संपलं की एकजण आवाज खाली आणून म्हणतो, “याचा खरा अर्थ माहितीये का?” आमच्या हॉस्टेलवर हे खातं एका सीनियरकडे होतं. पहिल्या वर्षी त्याच्या मते ते हॉटेल म्हणजे वेड्यांचं इस्पितळ होतं. दुसऱ्या वर्षी तिथे सैतानाची पूजा सुरू झाली. खात्री दोन्ही वेळा सारखीच.

घोळ त्याच्या एकट्याचा नाही. या दोन्ही गाण्यांत दिसतं त्याच्या खाली आणखी काहीतरी आहे, हे खरंच आहे. पण एकात ते लपवलेलं आहे आणि दुसऱ्यात सुचवलेलं. आपल्याकडे या दोन तऱ्हांना वेगवेगळी नावं आहेत: कूट आणि व्यंजना.

कूट मराठी माणसाला नवं नाही. ‘काट्याच्या अणीवर वसले तीन गाव, दोन ओसाड, एक वसेचिना’ ही ज्ञानेश्वरांच्या नावावरची रचना घ्या. न वसलेल्या गावात तीन कुंभार येतात, त्यातले दोन थोटे, एकाला घडवताच येत नाही. गोष्ट म्हणून ऐकायला गेलं तर हाती काहीच लागत नाही. कुणीतरी उलगडून सांगावं लागतं, आणि सांगितलं की ‘अच्छा, असं आहे होय’ होतं.

व्यंजना शाळेत अभिधा आणि लक्षणेच्या मागून यायची, बहुधा परीक्षेच्या आदल्या दिवशी. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने दिलेलं तिचं उदाहरण फार सुरेख आहे: ‘सूर्य मावळला.’ गुराख्याला त्यात गुरं वळवायची वेळ ऐकू येते, चोराला कामाला लागायची, वाट पाहणारीला आणखी काही. वाक्य एकच, आणि मुख्य म्हणजे त्यात सूर्य खरोखरच मावळलेला असतो. वरचा अर्थ शाबूत राहतो.

आता अमेरिकन गायक डॉन मॅक्लीनचं ‘अमेरिकन पाय’. १९७१ सालचं, साडेआठ मिनिटांचं. रेकॉर्डच्या एका बाजूवर मावेना म्हणून सिंगल काढताना दोन तुकडे करावे लागले. गाण्याच्या मुळाशी एक तारीख आहे: ३ फेब्रुवारी १९५९. त्या रात्री आयोवातल्या क्लिअर लेकजवळ एक छोटं विमान कोसळलं आणि बडी हॉली, रिची व्हॅलेन्स आणि ‘बिग बॉपर’ जे. पी. रिचर्डसन हे तिघे रॉक अँड रोल गायक गेले. हॉली २२ वर्षांचा होता, व्हॅलेन्स अवघा १७. मॅक्लीन तेव्हा १३ वर्षांचा होता आणि घरोघर पेपर टाकायचा. गाण्यातला फेब्रुवारी, ती थंडी, दारात टाकलेला पेपर हे सगळं तिथून आलं. अल्बमही त्याने बडी हॉलीलाच अर्पण केला.

एवढं कळेपर्यंत ‘ज्या दिवशी संगीत मेलं’ हे पालुपद नुसतं गोड वाटतं. कळल्यावर घशात अडकतं. पण पुढची कडवी पहा: एक राजा, एक विदूषक, चोरीला गेलेला काटेरी मुकुट, कवायतीची धून वाजवणारे सार्जंट, मेणबत्तीच्या खांबावर बसलेला जॅक. सरळ गोष्ट म्हणून वाचलं तर हे काट्याच्या अणीवरचं गाव आहे. म्हणून लोकांनी किल्ल्या लावल्या. विदूषक म्हणजे बॉब डिलन, सार्जंट म्हणजे ‘सार्जंट पेपर’वाले बीटल्स, जॅक म्हणजे रोलिंग स्टोन्सचा ‘जंपिंग जॅक फ्लॅश’. शेवटी हसणारा सैतान येतो तिथे बहुतेकांना ६ डिसेंबर १९६९ चा आल्टामाँटचा कार्यक्रम आठवतो. बंदोबस्ताला हेल्स एंजल्स टोळी होती, आणि स्टोन्स मंचावर असताना समोर एका तरुणाचा खून झाला.

मॅक्लीनने मात्र कितीतरी वर्षं कुठल्याच किल्लीवर शिक्का मारला नाही. अर्थ विचारला की तो गमतीत म्हणायचा, अर्थ एवढाच की मला आता आयुष्यात काम करायची गरज नाही. खोटं नव्हतं ते. २०१५ मध्ये या गाण्याचं हस्तलिखित लिलावात १२ लाख डॉलरला गेलं.

ईगल्स या अमेरिकन बँडचं ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ नेमकं उलट आहे. अल्बम डिसेंबर १९७६ चा, गाणं साडेसहा मिनिटांचं. आधी चाल आली, शब्द नंतर. डॉन फेल्डरने चाल टेपवर करून दिली आणि तिचं कामापुरतं नाव होतं ‘मेक्सिकन रेगे’. त्यावर डॉन हेन्ली आणि ग्लेन फ्राय यांनी शब्द चढवले. यात किल्ली लावायला जागाच नाही, कारण गोष्ट स्वच्छ आहे. वाळवंटातला रस्ता, रात्र, थकलेला प्रवासी, लांबवर दिवा. दारात एक बाई, हातात मेणबत्ती. आत अंगणात नाच, छताला आरसे, थंडगार शॅम्पेन. मग मेजवानी, जिथे सगळे मिळून सुऱ्यांनी भोसकतात पण जनावर मरत नाही. प्रवासी दाराकडे धावतो तेव्हा रात्रपाळीचा माणूस शांतपणे सांगतो की हिशेब करून खोली केव्हाही सोडा, इथून जाता मात्र येणार नाही.

सातवीतल्या पोरालाही ही भुताची गोष्ट म्हणून कळते. सूर्य मावळलेला आहे. आणि मग हळूहळू दुसरंही ऐकू येऊ लागतं. एवढं सुख असून कुणी खूश का नाही? दाराला कुलूप कुठेच नाही, मग हे कैदी कुणाचे? गाण्यातच उत्तर आहे: स्वतःच बनवलेल्या तुरुंगातले. आपलं यश पाहून आपणच धास्तावलेल्या लॉस एंजेलिसमधल्या पोरांनी हे लिहिलंय, हे ठाऊक असलं तर ऐकणं आणखी गडद होतं. ठाऊक नसलं तरी काही बिघडत नाही. नोकरीच्या पाचव्या वर्षी, पगार चांगला आणि राजीनामा खिशात, अशा अवस्थेत हे गाणं ऐकलेल्या माणसाला लॉस एंजेलिसशी काय देणंघेणं?

दोघांतला फरक पारखायला मी एक साधी गोष्ट करतो. माहिती काढून घेतो आणि काय उरतं ते पाहतो. ‘हॉटेल’मध्येही एक कूट दडलेलं आहे. त्या सुऱ्यांना गाण्यात ‘स्टीली’ (पोलादी) म्हटलंय, ती स्टीली डॅन या बँडला मारलेली कोपरखळी. त्यांनी त्याच वर्षीच्या एका गाण्यात ईगल्सचं नाव घेतलं होतं, त्याची परतफेड. कळलं तर हसू येतं. नाही कळलं तर सुरी सुरीच राहते आणि जनावर तरीही मरत नाही. ‘अमेरिकन पाय’मधला जॅक काढून घेतला तर मागे नुसतं बडबडगीत उरतं.

श्लेष यांच्या मधोमध बसतो, आणि सर्वांत जास्त गोंधळ तोच घालतो. ‘हॉटेल’मधला प्रवासी वाइन मागतो आणि त्याला उत्तर मिळतं की ते ‘स्पिरिट’ इथे १९६९ पासून नाही. स्पिरिट म्हणजे दारूही आणि मनातली उमेदही. २००९ मध्ये एका पत्रकाराने हेन्लीला विचारलं, की वाइन आंबवून करतात, स्पिरिट गाळून, मग ही चूक खटकत नाही का? हेन्लीने त्याला ऐकवलं, की वाइन कशी होते हे कळण्याइतकी मी प्यायलोय, आणि ती ओळ दारूबद्दल नाहीच. ते साल वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवाचं आणि आल्टामाँटचंही. म्हणजे ‘अमेरिकन पाय’ला जिथे पोचायला सगळी कडवी लागली, तिथेच हे गाणं एका शब्दात जाऊन आलं. मला हेच जास्त आवडतं. पण हे माझं झालं; कोडी सोडवणाऱ्याला मॅक्लीनच जवळचा वाटणार.

व्यंजनेला कूट समजलं की काय होतं, ते बीटल्सच्या जॉन लेननला विचारायला हवं होतं. ‘लूसी इन द स्काय विथ डायमंड्स’ची आद्याक्षरं लोकांनी एलएसडी या अमली पदार्थाच्या नावाशी जुळवली. त्याच्या लहानग्या मुलाने, ज्युलियनने, वर्गातल्या लूसीचं चित्र काढून घरी आणलं होतं, त्यावरून नाव पडलं, हे लेनन शेवटपर्यंत सांगत राहिला. त्या काळात तो एलएसडी घेत होता, हेही त्याने लपवलं नाही. त्यामुळे गाण्यातल्या रंगांत ती नशा नाहीच असं म्हणवत नाही. पण आद्याक्षरं जुळली की शोध संपतो, आणि संत्र्याची झाडं, मुरंब्याचं आकाश तसंच पडून राहतं.

‘हॉटेल’चा पत्ता शोधणाऱ्यांना तर पत्ता मिळालाही. मेक्सिकोत तोदोस सान्तोस गावी याच नावाचं एक जुनं हॉटेल आहे. ईगल्सचा त्याच्याशी काही संबंध नाही. २०१७ मध्ये बँडने त्यावर दावा ठोकला, की हे लोक पाहुण्यांना संबंध असल्याचं भासवतात आणि त्यावर टी-शर्ट विकतात. पुढच्या वर्षी तो तडजोडीने मिटला. हॉटेल आहे तिथेच आहे, आणि तिथे चेकआउट करून बाहेर पडता येतं.