औद्योगिक प्रशिक्षण, औषधनिर्माण उद्योगातील (सोलापूर)

औषधनिर्माणशास्त्र किंवा रसायनशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याने शिक्षण चालू असताना अथवा पदवी हाती पडताच औषधांच्या कारखान्यात ठरावीक मुदत राहून घेतलेले कामाचे शिक्षण. कागदोपत्री ‘औद्योगिक प्रशिक्षण’ हे नाव असले, तरी सोलापुरात विद्यार्थी, प्राध्यापक आणि कारखान्यातले ऑपरेटर सगळेच ‘ट्रेनिंग’ म्हणतात. ब्रिटनमध्ये पदवीच्या मधले अख्खे वर्ष कारखान्यात काढण्याची पद्धत आहे. भारतातील बी.फार्म. (औषधनिर्माणशास्त्राची पदवी) अभ्यासक्रमात असे सलग वर्ष नाही. येथे ते तुकड्यातुकड्यांत विखुरले आहे : सहाव्या सत्रानंतरचे चार आठवडे, सातव्या सत्रातील प्रॅक्टिस स्कूल (निवडलेल्या एका विषयक्षेत्रातील सरावाचे तास) आणि पदवीनंतर ज्याला संधी मिळेल त्याला शिकाऊ उमेदवारीचे एक वर्ष.

संज्ञा : मराठीत या कल्पनेला सर्वांत जुना आणि नेमका शब्द ‘उमेदवारी’ हा आहे. फार्सी ‘उमेद’ म्हणजे आशा. उमेदवार म्हणजे आशा धरून असलेला. पुढे पगारी जागा मिळेल या आशेवर कचेरीत किंवा दुकानात आधी काम शिकत राहणे, याला उमेदवारी करणे म्हणत. निवडणुकांमुळे या शब्दाचा आजचा अर्थ दुसरीकडे वळला असला, तरी १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाच्या मराठी नावात तो जुन्या अर्थाने टिकून आहे. ‘आंतरवासिता’ हा शब्द मुळात वैद्यकीय शिक्षणातला. सहा वर्षांच्या फार्म.डी. (डॉक्टर ऑफ फार्मसी) अभ्यासक्रमातील शेवटचे वर्ष रुग्णालयात जाते, म्हणून तेथे तो शोभतो. कारखान्यातील शिक्षणासाठी तो वापरू नये असे प्रस्तुत नोंदलेखकाचे मत आहे.

उगम : शिक्षण आणि कारखाना यांची आलटून पालटून सांगड घालण्याची कल्पना प्रथम कोणाची, याबद्दल एकमत नाही. ब्रिटिश लेखक साधारणतः १९०३ मध्ये संडरलँडच्या तंत्र महाविद्यालयात सुरू झालेल्या ‘सँडविच’ अभ्यासक्रमाकडे बोट दाखवतात. अमेरिकी परंपरा हा मान सिनसिनाटी विद्यापीठातील हर्मन श्नायडर यांना देते. तेथे १९०६ मध्ये अभियांत्रिकीचे विद्यार्थी आलटून पालटून वर्गात आणि कारखान्यात जाऊ लागले. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने १९१६ मध्ये रासायनिक अभियांत्रिकीची ‘प्रॅक्टिस स्कूल’ काढली. या संस्थेचे साहाय्य लाभलेल्या पिलानीच्या बिट्सने (बिर्ला तंत्रज्ञान व विज्ञान संस्था) १९७३ मध्ये त्याच नावाची योजना सुरू केली. भारतीय भेषजी परिषदेने, म्हणजे फार्मसी कौन्सिलने, बी.फार्म.साठी हे नाव बहुधा तेथूनच उचलले असावे. आशय मात्र बदलला. पिलानीचा विद्यार्थी प्रॅक्टिस स्कूलसाठी संस्थेबाहेर जातो, बी.फार्म.चा विद्यार्थी महाविद्यालयाने जाहीर केलेल्या विषयक्षेत्रांतून एक निवडतो आणि सत्रभर पसरलेले १५० तास बहुधा महाविद्यालयातच काढतो.

वरील सर्व दावे अभियांत्रिकीच्या बाजूचे आहेत. औषधांच्या बाजूने पाहिले तर वाट वेगळी आणि जुनी दिसते, आणि तीच अधिक ग्राह्य वाटते. ब्रिटनच्या १८१५ च्या अपॉथेकरी (औषधे बनवून देणारा वैद्य) अधिनियमाने परवान्यासाठी पाच वर्षांची उमेदवारी सक्तीची केली होती. भारतात फार्मसी अधिनियम, १९४८ ने फार्मासिस्टांची पहिली नोंदवही उघडली, तेव्हा रुग्णालयात अथवा दवाखान्यात पाच वर्षे औषधे तयार करून देण्याचे काम केलेल्या कंपाउंडरलाही तीत जागा दिली. दोन्हीकडे पाचच वर्षे हा योगायोग असू शकेल. पण हाताने केलेल्या कामाला शिक्षणाचा दर्जा देण्याची दृष्टी एकच आहे. पदवी-शिक्षण पुष्कळ नंतरचे. महादेव लाल श्रॉफ यांच्या प्रयत्नांनी ते बनारस हिंदू विद्यापीठात १९३० च्या दशकात रुजले.

नियम व त्यांतील विसंगती : पदविकेसाठी (डी.फार्म.) १९९१ च्या शिक्षण विनियमांनी तीन महिन्यांपेक्षा कमी नाही इतक्या काळात ५०० तासांचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण ठरवले, आणि त्यांतील किमान २५० तास प्रत्यक्ष चिठ्ठीवरची औषधे देण्यात जावेत अशी अट घातली. म्हणजे पदविकेचा रोख मेडिकल दुकानाकडे व रुग्णालयाकडे आहे. कारखान्याचा प्रश्न खऱ्या अर्थाने पदवीपासून सुरू होतो.

२०१४ च्या बी.फार्म. विनियमांत औद्योगिक प्रशिक्षणाच्या शीर्षकाला ‘इष्ट’ असा शब्द जोडला आहे. खालच्या मजकुरात मात्र प्रत्येक विद्यार्थ्याने चार आठवड्यांत किमान १५० तास काम करणे आवश्यक असल्याचे म्हटले आहे. एकाच कलमात इष्ट आणि आवश्यक हे दोन्ही आल्याने अर्थाचा घोळ झाला. समाधानकारक अहवाल आणि प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेचे सहीचे प्रमाणपत्र संस्थाप्रमुखाकडे देण्याची अट त्याच परिच्छेदात आहे; त्यामुळे मजकुराचा अर्थ शीर्षकापेक्षा वजनदार मानावा लागतो. कामाची जागा उत्पादन, गुणवत्ता नियंत्रण, गुणवत्ता हमी, संशोधन विभाग, रुग्णालय, इतकेच काय औषधांचे दुकानही चालते. आठ तासांच्या पाळीने मोजले तर १५० तास म्हणजे जेमतेम १९ पाळ्या.

आता दुसरा नियम शेजारी ठेवून पाहावा. औषधे नियम, १९४५ (पूर्वीचे नाव औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम) मधील नियम ७१ नुसार उत्पादन सक्षम तांत्रिक व्यक्तीच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली चालले पाहिजे. अशी व्यक्ती औषधनिर्माणशास्त्राची पदवीधर असेल, तर तिला पदवीनंतर औषध उत्पादनाचा किमान १८ महिन्यांचा अनुभव लागतो. रसायनशास्त्राच्या बी.एस्सी.ला हाच अनुभव तीन वर्षांचा. पण नियमात पुढे एक सवलत आहे, आणि तिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही : विद्यापीठीय शिक्षण चालू असतानाच सहा महिने औषध उत्पादनाचे प्रशिक्षण घेतले असेल, तर १८ महिन्यांतून सहा महिने वजा होतात. म्हणजे विद्यार्थीदशेतील कामाला कायद्याने पूर्ण भावाने मोजले आहे, महिन्याला महिना. आजचा अभ्यासक्रम देतो चार आठवडे. प्रॅक्टिस स्कूलचे १५० तास जमेस धरावेत तर ते बहुतांशी उत्पादनाबाहेरचे. नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ब्रिटिश पद्धतीचे लांब प्रशिक्षण असावे असे मानण्यास जागा आहे. सवलत नियमात शाबूत आहे, पण तिच्यापर्यंत जाणारी वाट अभ्यासक्रमात राहिलेली नाही. हे नुकसान विद्यार्थ्याचे आहे आणि ते भरून काढण्यासारखे आहे.

सोलापुरातील स्थिती : सोलापूरची ओळख गिरण्यांची. १८७७ ची जुनी मिल आणि तिच्या मागोमाग आलेल्या गिरण्यांत ‘बदली’ (गैरहजर कामगाराच्या जागी घेतलेला) म्हणून लागायचे आणि जाणत्या कामगाराच्या शेजारी उभे राहून शिकायचे, ही रीत होती. औषध उद्योग त्यामानाने तरुण आहे. साधारणपणे १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून तो आकाराला आला. पुणे रस्त्यावरील चिंचोळी औद्योगिक वसाहत (मोहोळ तालुका) हे त्याचे मुख्य ठाणे. अक्कलकोट रस्त्यावरील वसाहत मुख्यतः कापडाची. स्मृती ऑर्गॅनिक्स (स्थापना १९८९) ही औषधांतील मूळ गुणकारी द्रव्ये, म्हणजे बल्क ड्रग, बनवणारी येथील कंपनी. बालाजी अमाइन्सचा (स्थापना १९८८) पहिला कारखाना जिल्ह्याची हद्द ओलांडून तुळजापूर तालुक्यातील तामलवाडीला आहे. नंतर चिंचोळीतही तिने उत्पादन उभारले.

येथे गोळ्या-कॅप्सूलपेक्षा बल्क ड्रगचे पारडे जड असल्याचा थेट परिणाम प्रशिक्षणावर होतो. बी.फार्म.च्या विद्यार्थ्याने वर्गात ग्रॅन्युलेशन (भुकटीचे दाणे करणे), गोळीचे कॅपिंग (वरचा पापुद्रा सुटण्याचा दोष), कोटिंग शिकलेले असते. चिंचोळीत त्याच्यासमोर रिॲक्टर (अभिक्रियेचे मोठे भांडे), सेंट्रिफ्यूज (गरगर फिरवून गाळणारे यंत्र) आणि ड्रायर येतात. विजापूर रस्त्यावरील डी.एस.टी.एस. मंडळाचे फार्मसी महाविद्यालय, सांगोला तालुक्यातील मेथवड्याचे सह्याद्री महाविद्यालय येथील मुलांपेक्षा पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाच्या (स्थापना २००४) रसायनशास्त्र संकुलातील किंवा संगमेश्वर, वालचंद, दयानंद महाविद्यालयांतील रसायनशास्त्राच्या मुलांना हे वातावरण लवकर आपले वाटते. नियम ७१ मात्र त्यांनाच तीन वर्षे थांबायला लावतो.

कामाचे स्वरूप : मधुमेहावरील मेटफॉर्मिन हे उदाहरण घेऊ, कारण त्याचा कच्चा माल याच परिसरात तयार होतो. डायमिथिलअमीन हायड्रोक्लोराइड आणि डायसायनडायअमाइड साधारण १२० ते १४० अंश सेल्सिअसवर एकत्र तापवले की मेटफॉर्मिन हायड्रोक्लोराइड मिळते. मग थंड करून स्फटिक पाडणे, सेंट्रिफ्यूजमध्ये गाळून धुणे, वाळवणे, दळणे. कागदावर ही एका ओळीची अभिक्रिया आहे. डायमिथिलअमीनला खराब झालेल्या मासळीसारखा वास असतो आणि तो कपड्यांना धरून राहतो. पाळी संपवून घरी गेलेल्या मुलाला आई आधी न्हाणीघरात पाठवते. पुस्तकातले अमीन म्हणजे काय, हे त्या वासाने जितके पक्के होते तितके फळ्यावर होत नाही. याच अमीनचा नायट्राइटशी संबंध आला तर एन-नायट्रोसोडायमिथिलअमीन हे कर्करोगाचा धोका असलेले द्रव्य तयार होऊ शकते. डिसेंबर २०१९ मध्ये सिंगापूरने आणि २०२० मध्ये अमेरिकेत काही कंपन्यांनी मेटफॉर्मिनच्या गोळ्या परत मागवल्या त्या याच कारणाने. दिवसाला ९६ नॅनोग्रॅम ही त्या घातक द्रव्याची स्वीकार्य मर्यादा. त्यानंतर प्रशिक्षणार्थ्याला अशुद्धींचे कोष्टक समजावून देणे ही नुसती औपचारिकता राहिली नाही.

गुणवत्ता नियंत्रण विभागात, म्हणजे क्यूसीत, पहिल्या आठवड्यात बहुधा वाळवणीतील घट काढायला देतात. एक ग्रॅम नमुना १०५ अंशांवर पाच तास ठेवायचा. वजन अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त उतरता कामा नये. म्हणजे सगळा निकाल पाच मिलिग्रॅमच्या आत. नवा मुलगा घाईने ओव्हनमधली बाटली तशीच तराजूवर ठेवतो. गरम बाटलीभोवतीची हवा वर चढते, आकडा हलत राहतो, वजन खरे असेल त्यापेक्षा कमी दिसते आणि चांगला माल नापास ठरू लागतो. शेजारचा ॲनालिस्ट बाटली उचलून डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) ठेवतो आणि म्हणतो, “थंड होऊ दे बाळा, मग बघू.” त्यानंतर वहीत लिहिलेला चुकीचा आकडा खोडायचा कसा, हे शिकणे : एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर आकडा, कारण, सही, तारीख. व्हाइटनर नाही, गिरवणे नाही, पान फाडणे तर नाहीच. औषध उत्पादनाच्या चांगल्या पद्धतींचे नियम, म्हणजे सुधारित शेड्यूल एम (अधिसूचना डिसेंबर २०२३), लागू करण्याच्या धांदलीत नोंदींच्या या शिस्तीचे मोल लहान कारखान्यांतही वाढले आहे.

प्रशिक्षणाची प्रत कारखान्यागणिक बदलते. जेथे विद्यार्थ्याला फक्त जुन्या एसओपी (कामाच्या लेखी कार्यपद्धती) वाचायला बसवतात तेथे १९ पाळ्या वाया जातात, आणि अहवाल मागच्या वर्षीच्या अहवालासारखाच येतो. जेथे एखाद्या बॅचच्या मागे त्याला पहिल्या वजनापासून शेवटच्या लेबलपर्यंत फिरवतात, तेथे एका बॅचमध्येही पुष्कळ शिकून होते.

शिकाऊ उमेदवारी : १९६१ च्या अधिनियमात १९७३ च्या दुरुस्तीने पदवीधर व पदविकाधारक आले. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण योजनेत ही मुदत एक वर्षाची असते. ती राबवणारे पश्चिम विभागाचे मंडळ मुंबईत आहे. २०१९ च्या नियमांनी किमान विद्यावेतन पदवीधरास दरमहा ९,००० आणि पदविकाधारकास ८,००० रुपये केले. योजनेखाली त्यातील निम्मा भार केंद्र सरकार उचलते. कलम १८ प्रमाणे उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नसतो. नियम ७१ साठी हे वर्ष पदवीनंतरचा अनुभव म्हणून धरायचे, तर ते प्रत्यक्ष उत्पादन विभागात गेलेले असले पाहिजे. क्यूसीत काढलेले वर्ष त्या नियमाला पुरत नाही, हे उमेदवाराने रुजू होतानाच विचारून घ्यावे. महाराष्ट्र शासनाच्या २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत सुरुवातीला सहा महिन्यांसाठी पदवीधरास दरमहा १०,००० रुपये ठरवले होते.

मुलींच्या वाट्याला बहुधा क्यूसी आणि दस्तऐवजांचे काम येते. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ६६ ने स्त्रियांच्या कामाची वेळ सकाळी सहा ते संध्याकाळी सात अशी बांधली होती. तिची सवय कारखान्यांच्या अंगवळणी पडली. रिॲक्टर मात्र रात्रीही चालतो, आणि उत्पादनाचा पूर्ण क्रम न पाहिलेल्या मुलीला पुढे नियम ७१ चा अनुभव दाखवताना अडचण येते.

जिल्ह्याबाहेर : गोळ्या, इंजेक्शने यांचे काम पाहायचे तर बाहेर पडावे लागते. पुण्याच्या वाटेवर दौंड तालुक्यातील कुरकुंभ, उत्तरेला छत्रपती संभाजीनगरजवळील वाळूज आणि पूर्वेला हैदराबादच्या जीडिमेटला व पाटणचेरू वसाहती ही नेहमीची ठिकाणे. हैदराबादला जाणाऱ्यांत सोलापूरच्या पूर्व भागातील पद्मशाली घरांतली मुले पुढे असतात. घरी तेलुगू, शाळेत मराठी अशी त्यांची वाढ झालेली असते; तेथे खोली शोधण्यापासून ऑपरेटरला शंका विचारण्यापर्यंत त्यांचे अडत नाही, आणि सोबत गेलेल्या मित्रांचे दुभाषेही तेच होतात.