न्यू वेव्हच्या कीबोर्डमागचं प्रोगचं घराणं

16 जुलै 1977. लंडनच्या कॅपिटल रेडिओवर टॉमी व्हान्सच्या कार्यक्रमात सेक्स पिस्टल्स या पंक बँडचा गायक जॉनी रॉटन आला आणि त्याने आपल्या आवडीच्या रेकॉर्ड लावल्या. हाच मुलगा पिंक फ्लॉइडचा टी-शर्ट घालून, त्यावर त्यांच्या नावाच्या वर ‘मला तिटकारा आहे’ असं खरडून फिरायचा. लांबलचक, गुंतागुंतीच्या रचनांच्या प्रोग्रेसिव्ह रॉकचा, म्हणजे प्रोगचा, उघड वैरी. त्या दिवशी त्याने रेगे लावलं, कॅन या जर्मन बँडचं संगीत लावलं आणि पीटर हॅमिलही लावला. हॅमिल म्हणजे व्हॅन डर ग्राफ जनरेटरचा गायक. तेवीस मिनिटांची एकच रचना एलपीच्या अख्ख्या बाजूवर भरणारा, ऑर्गन आणि सॅक्सोफोनवर उभा असलेला हा बँड प्रोगच्या पहिल्या फळीतला.

साध्या, वेगवान, बंडखोर पंकने 1976-77 साली प्रोग झाडून काढला आणि त्या रिकाम्या अंगणात न्यू वेव्ह, म्हणजे पंकनंतरचं नव्या धाटणीचं पॉप-रॉक, उगवली, अशी गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. गिटारवाल्या बँडांपुरती ती अर्धीमुर्धी खरी असेलही. कीबोर्डवाल्यांना मात्र ती लागू पडत नाही, आणि त्याचं कारण साध्या हिशेबात सापडतं. 1977 साली पंचविशीच्या आसपास असलेला वादक कीबोर्ड शिकला कधी? 1968 ते 1975 या काळात. त्या वर्षांत इंग्लंडमध्ये कीबोर्डवर बोटं ठेवणाऱ्यासमोर आदर्श कोण होते? एमर्सन, लेक अँड पामरचा कीथ एमर्सन, येसचा रिक वेकमन, जेनेसिसचा टोनी बँक्स, आणि हार्ड रॉकमधला डीप पर्पलचा जॉन लॉर्ड. गिटारचे तीन कॉर्ड आठवड्याभरात शिकून स्टेजवर चढता येत होतं. ऑर्गनवर दोन्ही हात चालवायला वर्षं लागतात, आणि ती वर्षं याच लोकांच्या रेकॉर्डसमोर बसून गेलेली होती. गंडा कोणी बांधला नसेल, पण तालीम त्या घराण्याची होती.

प्रोगवरचा राग अगदीच अनाठायी होता असं मात्र मी म्हणणार नाही. 1973 साली येसने चार बाजूंवर चारच रचना असलेला दुहेरी अल्बम काढला. 1975 साली वेकमनने आर्थर राजाची कथा वेम्बलीत बर्फावर, स्केटिंग करणाऱ्या नर्तकांसह सादर केली. 1977 साली एमर्सन, लेक अँड पामर अमेरिकेच्या दौऱ्यावर सुमारे 70 वादकांचा वाद्यवृंद घेऊन निघाले आणि खर्च झेपेना म्हणून त्यांना तो मध्येच सोडावा लागला. संगीतापेक्षा सरंजाम मोठा झाला होता.

वाद्यांची गोष्टही याच वेळी पालटत होती. मिनीमूग 1970 साली आला. एका वेळी एकच सूर देणारा, पण उचलून नेता येणारा सिंथसायझर, म्हणजे विजेवर आवाज घडवणारं वाद्य. त्याची किंमत मात्र नावारूपाला आलेल्या बँडांनाच परवडायची. दशक संपता संपता छोटे, स्वस्त सिंथसायझर दुकानांत दिसू लागले. लिव्हरपूलजवळच्या ऑर्केस्ट्रल मॅनूव्हर्स इन द डार्क, म्हणजे ओएमडीच्या मुलांनी आपला पहिला कॉर्ग सिंथसायझर आईच्या नावावर, टपालाने माल मागवायच्या कॅटलॉगमधून, हप्त्यांनी घेतला होता. गायक गॅरी न्यूमन रेकॉर्डिंगला गेला तेव्हा स्टुडिओत कोणाचा तरी मिनीमूग पडलेला होता. त्याने पट्टी दाबली, आणि पुढे 1979 साली त्याचं सिंथसायझरवर बेतलेलं गाणं इंग्लंडमध्ये चार आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. त्याच वर्षीच्या पुढच्या अल्बममध्ये त्याने गिटार वापरलीच नाही. 1978 साली प्रॉफेट-5 हा सिंथसायझर आला. पाच सूर एकदम, आणि जुळवलेला आवाज लक्षात ठेवायची सोय. रात्रभर बटणं फिरवून सापडलेला आवाज दुसऱ्या दिवशी एका बोटाने परत मिळू लागला.

माझ्या आवडत्या कीबोर्डवादकांत पहिलं नाव द स्ट्रँगलर्सच्या डेव्ह ग्रीनफील्डचं. हा बँड 1974 साली गिल्डफर्डमध्ये सुरू झाला आणि पुढच्या वर्षी ग्रीनफील्ड त्यात आला. त्याआधी तो एका प्रोग बँडमध्ये वाजवत होता. 1977 साली पहिला अल्बम निघाला तेव्हा तो पंकच्या खणात ठेवला गेला, पण ऐकताना कानावर सगळ्यात आधी येतं ते ऑर्गनचं अखंड धावणारं आलंकारिक वादन. समीक्षकांनी लगेच द डोअर्सचा कीबोर्डवादक रे मँझरेक याच्याशी त्याची तुलना केली. ग्रीनफील्डचं उत्तर असं, की आपल्याला डोअर्सचं एकच गाणं माहीत होतं. आपल्यावरचा प्रभाव आधी जॉन लॉर्डचा आणि मग वेकमनचा. हे कळल्यावर ते वादन पुन्हा ऐकलं आणि मला सगळं नव्याने उलगडलं. ती फिरत, ते भरलेले सरगमसारखे तुकडे वेकमनच्या बाजूचे आहेत, फक्त त्यांना श्वास घ्यायला तीनच मिनिटं दिलेली.

त्यांचं ‘गोल्डन ब्राउन’ जानेवारी 1982 मध्ये सिंगल म्हणून आलं आणि दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. त्याचा सुरुवातीचा हार्पसिकॉर्डचा (पियानोच्या आधीचं तारांचं वाद्य) तुकडा ग्रीनफील्डचा, दुसऱ्या एका रचनेतून बाजूला पडलेला. गाणं तीन मात्रांच्या वॉल्ट्झ नाचासारखं डुलतं असं वाटतं, पण त्या तुकड्यावर मांडीवर हात ठेवून मात्रा मोजा. तीन, तीन, तीन आणि मग चार. तेरा मात्रांचं आवर्तन. नाचायला उठलेला माणूस दर आवर्तनात एका मात्रेला अडखळतो, आणि गाण्याची सगळी झिंग त्या अडखळण्यात आहे. विषम मात्रांचा खेळ ही प्रोगची खूण. तो खेळ घरोघरच्या रेडिओवर पोहोचला आणि कोणाला त्याचं ओझं झालं नाही, हे श्रेय मी ग्रीनफील्डला देतो. मे 2020 मध्ये कोविडने तो गेला.

अल्ट्राव्हॉक्स या बँडचा बिली करी हा व्हायोला शिकलेला वादक. त्यांचा 1977 चा पहिला अल्बम बँडबरोबर ब्रायन ईनो आणि स्टीव्ह लिलिव्हाइट यांनी केला. 1978 चा अल्बम त्यांनी जर्मनीत, कोलोनजवळच्या प्रोड्यूसर कॉनी प्लँकच्या स्टुडिओत केला. गायक जॉन फॉक्स बँड सोडून गेला, त्याच्या जागी मिज यूर आला आणि 1980 साली ‘व्हिएन्ना’ हा अल्बम झाला. त्याच नावाच्या गाण्यात पियानो आणि व्हायोला हातात हात घालून चालतात, मध्येच लय दुप्पट होते आणि पुन्हा निवते. रचनेची ही चढउतार पॉपची नव्हे. करीच्या एआरपी ओडिसी या सिंथसायझरवरच्या, एका वेळी एकच सूर घेणाऱ्या किंचाळत्या ओळी ऐका. त्यात एमर्सनचा मूग सिंथसायझर आहे, पण पाल्हाळ नाही. 1988 साली करीने स्वतःचा अल्बम केला तेव्हा गिटारला होता येसचा स्टीव्ह हाउ.

आता पडद्यामागच्या माणसांकडे वळू, कारण दुवा इथे सगळ्यात पक्का आहे. गाँग हा फ्रान्समध्ये जमलेला, हिप्पी वळणाचा, अंतराळातल्या कथा गाणारा प्रोग बँड. पंकवाल्यांच्या दृष्टीने याहून त्याज्य काही नसावं. त्याच गाँगचे दोन वादक न्यू वेव्हचे प्रोड्यूसर झाले. बास वाजवणाऱ्या माइक हाउलेटने 1980 साली ओएमडीचं ‘एनोला गे’ हे गाणं केलं, मार्था अँड द मफिन्सचा पहिला अल्बम केला आणि पुढे अ फ्लॉक ऑफ सीगल्सचे पहिले अल्बम केले. गिटारवादक स्टीव्ह हिलेजने 1981 साली सिंपल माइंड्सचे जोडअल्बम केले. सिंपल माइंड्सचा कीबोर्डवादक मिक मॅकनील अकॉर्डियनवर वाढलेला. भात्यावर चालणाऱ्या वाद्याची सवय असलेला माणूस सूर सोडत नाही, ओढून धरतो, आणि हिलेजसारख्या लांब, घुमणाऱ्या आवाजाच्या रसिकाला तो बरोबर सापडला. त्याआधी 1980 साली हा बँड पीटर गॅब्रिएलबरोबर युरोपात फिरून आला होता. जेनेसिस सोडलेल्या गॅब्रिएलने त्याच वर्षी केलेल्या अल्बमवर प्रोड्यूसर तोच लिलिव्हाइट आणि काही गाण्यांत गिटारला एक्सटीसी या न्यू वेव्ह बँडचा डेव्ह ग्रेगरी. हाच ग्रेगरी पुढे 2009 पासून कित्येक वर्षं बिग बिग ट्रेन या प्रोग बँडमध्ये होता. ये-जा दोन्ही बाजूंनी चालू होती.

हाउलेटचं आणखी एक काम सांगायलाच हवं, कीबोर्डचा संबंध नसला तरी. 1977 साली स्टिंग, स्टुअर्ट कोपलंड आणि अँडी समर्स यांना एका बँडमध्ये पहिल्यांदा एकत्र आणलं ते त्यानेच. कोपलंड त्याआधी कर्व्ह्ड एअर या प्रोग बँडचा ड्रमर होता. त्या तिघांचा द पोलीस हा बँड मार्च 1980 मध्ये मुंबईत वाजवून गेला.

ओएमडीकडे पुन्हा एकदा. 1981 च्या अल्बमवर त्यांनी मेलोट्रॉन हे कीबोर्ड वाद्य वापरलं. प्रत्येक पट्टीखाली टेपची एक फीत, पट्टी दाबली की ती सात-आठ सेकंद चालते आणि संपते. किंग क्रिम्सन या प्रोग बँडने 1969 साली ज्या वाद्यावर आपलं साम्राज्य उभं केलं, तेच हे. तोवर ते कालबाह्य झालेलं होतं. ओएमडीने त्यावरचे धूसर, जुनाट कोरस आणि तंतुवाद्यांचे आवाज जोन ऑफ आर्कवरच्या दोन गाण्यांत भरले. सिंथसायझरच्या थंड, नेटक्या ठेक्यावर ती थरथरती टेप ऐकताना अंगावर काटा येतो.

उघड सोयरीक मात्र एकच झाली. द बगल्स, म्हणजे ट्रेव्हर हॉर्न आणि जेफ डाउन्स. रेडिओ आणि व्हिडिओवरचं त्यांचं गाणं 1979 साली इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं आणि 1 ऑगस्ट 1981 रोजी एमटीव्ही सुरू झाला तो त्याच व्हिडिओने. या दोन तारखांच्या मधल्या काळात हे दोघे चक्क येसमध्ये होते. 1980 साली गायक जॉन अँडरसन आणि वेकमन बाहेर पडले. येस आणि बगल्सचा मॅनेजर एकच होता. आणि येसची गाणी मनापासून आवडणारे हे दोन पॉपवाले त्या रिकाम्या जागांवर आले. त्या वर्षीचा ‘ड्रामा’ इंग्लंडमध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेला. दौऱ्यात अँडरसनच्या टिपेच्या सुरांनी हॉर्नच्या गळ्याची परीक्षा पाहिली, इंग्लंडमधल्या श्रोत्यांनी हुर्यो उडवली आणि पुढच्या वर्षी सगळं मोडलं. अल्बम मात्र जिवंत आहे. डाउन्सचे आवाज धारदार, नव्या काळाचे. हाउ आणि बासवादक ख्रिस स्क्वायर त्यांच्या अंगाखांद्यावर जुनं येस खेळवतात. वेकमनची आठवण येत नाही, इतकं ते एकजीव आहे.

पुढे डाउन्स स्टीव्ह हाउबरोबर एशिया नावाच्या बँडमध्ये गेला आणि त्यांचा 1982 चा पहिला अल्बम अमेरिकेत नऊ आठवडे अव्वल राहिला. हॉर्न प्रोड्यूसर झाला. ज्या येसमध्ये गायक म्हणून त्याला हुर्यो मिळाली, त्याच येसचा 1983 चा अल्बम त्याने केला. फेअरलाइट या आवाज टिपून परत वाजवणाऱ्या संगणकी वाद्यातून तोडून चिकटवलेले आवाज, मध्येच कोसळणारा ब्रासचा झटका. त्यातलं ‘ओनर ऑफ अ लोन्ली हार्ट’ जानेवारी 1984 मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचलं. तो मान येसला त्याआधी मिळाला नव्हता, नंतरही नाही. मग हॉर्नने फ्रँकी गोज टू हॉलीवूड या बँडचा अल्बम केला तेव्हा गिटार वाजवायला बोलावलं ते हाउलाच.

शेवटचं नाव जपान या बँडच्या रिचर्ड बार्बिएरीचं. जपान हा दक्षिण लंडनच्या कॅटफर्डमधला बँड. बार्बिएरीकडे ग्रीनफील्डची फिरत नाही, करीची झेप नाही. तो एकेक आवाज घडवत बसतो. 1981 च्या ‘टिन ड्रम’मधलं ‘घोस्ट्स’ ऐका: ड्रमचा ठेका नाही, धातूवर टिचकी मारल्यासारखे तुटक आवाज आणि मध्ये मोकळी शांतता. असं गाणं 1982 साली इंग्लंडमध्ये पाचव्या क्रमांकावर गेलं, यावर आज विश्वास बसत नाही. त्याच वर्षअखेर बँड विस्कटला.

1993 साली बार्बिएरी स्टीव्हन विल्सनच्या पोर्क्युपाइन ट्रीमध्ये गेला. दहा-पंधरा मिनिटांच्या रचना, विषम मात्रा, मेलोट्रॉनचे ढग. नव्या पिढीचा प्रोग या बँडवरून ओळखला जाऊ लागला, आणि त्याच्या कीबोर्डवर न्यू वेव्हमधून आलेला माणूस बसलेला होता. डिसेंबर 2009 मध्ये हा बँड पवईत, आयआयटी मुंबईच्या मूड इंडिगो महोत्सवात वाजला. त्या गर्दीतली बहुतेक मुलं जपान फुटल्यानंतर जन्मलेली.