गाडीचा गंजलेला फ्लोअर: वरून पत्रा मारणं आणि कापून पत्रा बसवणं, फरक नक्की काय?

पावसाळा तोंडावर आला की पुण्यातल्या पद्मिनी, बीटल, हेराल्ड अशा जुन्या गाड्यांच्या मालकांचा एकच प्रश्न असतो, फ्लोअर म्हणजे पायाखालचा तळाचा पत्रा सडलाय, खर्च किती येईल? मग एक गॅरेज सांगतं दोन दिवसांत देतो, दुसरं सांगतं तीन आठवडे गाडी सोडा, आणि त्याचा आकडाही पहिल्याच्या कितीतरी पट, त्यामुळे साहजिकच वाटतं की दुसरा लुटतोय. बऱ्याचदा तसं नसतं. दोघं वेगवेगळ्या कामाचे पैसे सांगत असतात. पहिला सडलेल्या पत्र्यावर नवा पत्रा मारणार आणि दुसरा सडलेला भाग कापून तिथे नवा बसवणार. काम झाल्यावर वर काळा रंग, त्यावर फेल्ट (नमद्यासारखा जाड थर), त्यावर कार्पेट, की दोन्ही गाड्या आतून एकसारख्या दिसतात, म्हणून तर लोक फसतात.

वरून मारण्यात नक्की काय होतं ते बघा. भोकापेक्षा मोठा तुकडा कापायचा, भोकावर ठेवायचा, कडेने वेल्डिंगचे टाके मारायचे, संपलं. "साहेब, कार्पेट टाकलं की कोणाला कळणार पण नाही" हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. पण खालचा गंजका पत्रा तिथेच राहिला ना. आता दोन पत्र्यांमध्ये एक बारीक फट तयार झाली, त्यात रंग पोचत नाही, ब्रश पोचत नाही, पाणी मात्र आपोआप ओढलं जातं आणि एकदा शिरलं की वाळत नाही. शिवाय गंजलेलं लोखंड मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतं, म्हणजे आतल्या आत ते फुगतं आणि दोन पत्रे एकमेकांपासून दूर ढकलतं. वर तो टाका बसलाय कशावर, तर जेमतेम एक मिलीमीटरच्या मूळ पत्र्यावर जो गंजाने खाऊन निम्मा उरलाय. कुजलेल्या कापडाला ठिगळ लावलं की टाका धरतच नाही, अगदी तसंच. दोन-तीन पावसाळ्यांत नवा पत्राही कडेने तपकिरी होतो आणि भोक आधीपेक्षा मोठं झालेलं असतं.

कापून बसवणं म्हणजे आधी चांगला पत्रा कुठे सुरू होतो ते शोधणं, आणि खरं सांगायचं तर अर्धं काम इथेच असतं. सीटा काढा, कार्पेट काढा, फेल्ट काढा, त्याखाली कंपनीने चिकटवलेली डांबरी शीट असते ती हीटगनने मऊ करून खरवडा, कारण ती तडकली की तिच्याखालीच ओल धरते. मग स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने बोटभर अंतरावर दाबत दाबत जा. चांगल्या पत्र्यावर टणक आवाज येतो, सडलेल्यावर टोक आत जातं किंवा पापुद्रा सुटतो. रात्री गाडीखाली दिवा ठेवून आत अंधार करून बसलात तर सुईच्या टोकाएवढी भोकंसुद्धा दिसतात. खडूने खूण करा, आणि कापायची रेघ त्या खुणेच्या बाहेर, पूर्ण चकचकीत धातू लागेपर्यंत न्या. हाताएवढं वाटलेलं भोक कापताना परातीएवढं होतं, त्याला घाबरू नका, तेवढं सडलेलंच होतं.

आता एक गोष्ट इथे नीट समजून घ्या, कारण बरेच जण उलट टोकाला जातात आणि म्हणतात की पत्र्यावर पत्रा म्हणजे वाईटच. तसं नाहीये. कंपनीतसुद्धा फ्लोअरची कड दाराखालच्या सिलवर चढवून स्पॉट वेल्डिंग केलेली असते, म्हणजे तोही एकावर एक पत्राच. सडका भाग पूर्ण कापलाय, दोन्ही बाजूंना चांगला धातू आहे, मध्ये वेल्डिंगला चालणारा झिंक प्रायमर मारलाय, एकावर एक फक्त सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर आहे आणि नंतर वरून-खालून सांध्यात सीलर (फट बुजवायची लुकण) भरलाय, तर तो जोड वर्षानुवर्षं टिकतो. कडेला कड भिडवून केलेला जोड आणखी स्वच्छ, पण त्याला फिटिंग अगदी तंतोतंत लागतं आणि पातळ पत्रा जळायची भीतीही जास्त. माझं मत विचाराल तर कार्पेटखालच्या फ्लोअरला असा एकावर एक चढवलेला जोड पुरेसा आहे, फक्त त्याखाली गंज नको, तिथे तडजोड नाही.

पत्रा २० गेजचा सीआर (कोल्ड रोल्ड, साधा पोलादी) घ्या, साधारण ०.९ मिलीमीटर, काही ठिकाणी त्याहून जाड १८ गेज लागतो. भवानी पेठेत मिळतो. जीआय (जस्त चढवलेला) पत्रा गंजत नाही म्हणून वापरू असं डोक्यात येतं, पण वेल्डिंगच्या वेळी त्यातलं जस्त जळतं, धूर विषारी असतो आणि टाक्यात छिद्रं राहतात, तेव्हा नकोच. आणि सपाट तुकडा बसवून मोकळे होऊ नका. मूळ फ्लोअरवर ज्या लांब उठावदार पट्ट्या दाबलेल्या असतात त्या शोभेच्या नाहीत, त्यांच्यामुळेच पातळ पत्रा ताठ राहतो. त्या नसल्या की पाय ठेवला की फ्लोअर डबडब वाजतो. पद्मिनीचं तयार फ्लोअर सहजासहजी मिळत नाही, त्यामुळे पुठ्ठ्याचा साचा कापून भोसरीच्या एखाद्या फॅब्रिकेशनवाल्याकडून कडा प्रेसवर वाकवून घ्यायच्या आणि पट्ट्यांसाठी सागवानी फळीत खाच पाडून त्यावर पत्रा ठेवून गोल तोंडाच्या छिन्नीने हळूहळू दाबत जायचं. एका फटक्यात नाही, लांबीभर पाच-सहा फेऱ्या मारायच्या, नाहीतर पत्रा फाटतो. पाणी निघायची भोकं आणि त्यांची रबरी बुचं पण जिथल्या तिथे ठेवा, ती बंद केली की फ्लोअरची टाकी होते.

वेल्डिंग सीओटूचं, म्हणजे गॅस आणि तारेवर चालणारं, ०.६ किंवा ०.८ मिलीमीटरची तार. आधी बोटभर अंतरावर टाके, तेही एका टोकाला एक मग दुसऱ्या टोकाला एक, थंड होऊ देत देत, सलग ओढलं की पत्रा वाकडा झालाच म्हणून समजा. साधं काडीचं आर्क वेल्डिंग एवढ्या पातळ पत्र्याला भोक पाडतं. फ्लोअरखालून ब्रेकचे आणि पेट्रोलचे पाइप जातात ते आधी बाजूला घ्या, बॅटरी काढा, आग विझवायचा सिलिंडर हाताशी ठेवा.

गाडी कुठली यावरही बरंच आहे. पद्मिनी किंवा मारुती ८०० ला वेगळी चासी (खालचा सांगाडा) नाही, फ्लोअर आणि सिल मिळूनच गाडी उभी राहते, म्हणून मोठा भाग कापायच्या आधी दाराच्या चौकटीत आडवा पाइप टाकून ताण धरावा लागतो आणि अधूनमधून दार लावून फट तपासावी लागते, नाहीतर नंतर दारच बसत नाही. हेराल्डला खाली स्वतंत्र चासी आहे, तिथे धोका कमी. बीटलला फ्लोअरच्या मधोमध उंचवटा असतो, त्या बोगद्याच्या दोन्ही बाजूंना फ्लोअरचे दोन पाट (पत्रे) असतात आणि बॅटरी मागच्या सीटखाली, त्यामुळे ॲसिड सांडून तिथला पाट आधी जातो.

विकत घेताना कसं ओळखायचं? खालून बघा. वर नवा पत्रा आणि खाली जुन्या भोकाची फाटकी तपकिरी कड लोंबतेय, तर वरून मारलेलं आहे. सगळीकडे ताजं, जाड, काळं अंडरबॉडी कोटिंग असेल तर जास्त संशय घ्या आणि मालकाला विचारून थोडं खरवडून बघा. काम करून घेत असाल तर कापल्यावर, बसवल्यावर आणि रंग मारल्यावर असे तिन्ही वेळचे फोटो मागा, आणि चासी नंबर जिथे ठोकलाय तिथे कटर लागणार नाही हे आधीच बोलून घ्या. ५० वर्षांपुढच्या गाड्यांना २०२१ पासून वेगळं व्हिंटेज रजिस्ट्रेशन मिळतं, पण त्यात बॉडी शेलमध्ये आणि चासीत मोठा बदल नसावा अशी अट आहे, म्हणजे मूळ मापाचा पत्रा मूळ जागी बसवणं तिथेही महत्त्वाचं.

आणि फ्लोअर सडला तो पाणी आलं म्हणून. पुढच्या काचेचं रबर, पेडलजवळची वायरिंगची रबरं, दाराच्या तळातली बुजलेली भोकं, हे न बघता फेल्ट परत टाकू नका. कडांना पट्टी शिवून बाईंडिंग केलेलं नवं कार्पेट तर मुळीच चिकटवू नका, नुसतं अंथरा. पहिला जोरदार पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी ते उचलून चारही कोपऱ्यांत हात फिरवा, आणि ओल लागली तर एकजण आत टॉर्च घेऊन बसा आणि दुसऱ्याने बाहेरून काचेवर पाइपने पाणी सोडा, कुठून उतरतंय ते लगेच दिसतं.