माथ्यावरची खूण कुणासाठी?

जून 2023 मध्ये इटलीत डोंगरमाथ्यांवरच्या क्रुसांवरून मोठा वाद पेटला. अपेनाइन रांगेतल्या शिखरांवरच्या क्रुसांविषयी एक पुस्तक आलं होतं आणि मिलानमधल्या कॅथलिक विद्यापीठात त्यावर चर्चा होती. इटलीतल्या गिर्यारोहकांची संघटना असलेल्या अल्पाइन क्लबच्या प्रकाशनांची धुरा वाहणारे मार्को अल्बिनो फेरारी यांनी तिथे भूमिका मांडली, की जुने क्रूस आहेत तसे राहू द्यावेत, त्यांची निगा राखावी, पण नवे उभारणं आता काळाला धरून नाही. बातमी बाहेर पडेपर्यंत तिचा अर्थ पार बदलला: अल्पाइन क्लब शिखरांवरचे क्रूस काढायला निघाला आहे! पर्यटनमंत्री डॅनिएला सांतांके यांनी नापसंती जाहीर केली, उपपंतप्रधान मात्तेओ साल्विनी यांनी क्रुसांना हात लावू देणार नाही असं ठणकावलं. शेवटी क्लबचे अध्यक्ष अंतोनियो मोंतानी यांना खुलासा करावा लागला, की असा कुठलाही निर्णय झालेला नाही. मंत्र्यांची त्यांनी माफीही मागितली.

नीट ऐकलं असतं तर मूळ म्हणणं किती सौम्य होतं! तरीही एवढा भडका उडाला, कारण माथ्यावरच्या खुणेला पाच शतकांचा इतिहास चिकटलेला आहे. सह्याद्रीत भटकताना माथ्यामाथ्यावर झेंडे, पाट्या, देवळं, रंगवलेले दगड मीही पाहत आलो आहे, आणि दर वेळी एकच प्रश्न पडतो: ही खूण नेमकी कुणासाठी? चढून आलेल्याला आपण माथ्यावर आहोत हे कळायला खूण लागत नाही. पुढे चढच उरलेला नसतो. आल्प्सचा इतिहास चाळला की उत्तर हळूहळू हाती लागतं.

सुरुवात 1492 पासून करावी लागते. फ्रान्सच्या आग्नेयेला, ग्रेनोबलच्या दक्षिणेला, माँ एग्वी नावाचा एक प्रचंड सुळका आहे. उंची दोन हजार मीटरांच्या थोडी वर, चारही बाजूंनी सरळ कातळकडे. त्या काळी त्याला ‘अगम्य’ म्हणत. राजा आठव्या चार्ल्सने आपला सरदार आंत्वान द व्हील याला तो चढण्याचा हुकूम दिला. द व्हील शिड्या, दोर आणि माणसं घेऊन चढला, माथ्यावर बरेच दिवस राहिला, तिथे प्रार्थना झाली आणि तीन मोठे क्रूस उभे राहिले. मग त्याने माथ्यावरूनच ग्रेनोबलच्या न्यायसभेला पत्र धाडलं: माणूस पाठवून खातरजमा करा. न्यायसभेचा माणूस आला, त्याने कड्याला लावलेल्या शिड्या पाहिल्या आणि वर जायला साफ नकार दिला. जे पाहायचं ते त्याने खालूनच पाहिलं.

मला हा प्रसंग या साऱ्या इतिहासाची किल्ली वाटतो. ते क्रूस भक्तीचे होतेच, पण पुराव्याचेही होते, आणि पुरावा खालच्या माणसाला दिसावा लागतो.

सामान्य डोंगरी माणसाचे क्रूस याहून वेगळे. वादळ, गारा, वीज यांपासून शेत-कुरण वाचावं म्हणून आल्प्समधले शेतकरी उतारांवर आणि खिंडींत लाकडी क्रूस रोवत. आपल्याकडे वेशीवर शेंदूर फासलेला दगड असतो, त्याच जातीची ही राखण. कुरण संपलं की माणसाचं काम संपत असे, त्यामुळे थेट माथ्यापर्यंत हे क्रूस सहसा जात नसत. माथ्यावर जायचं वेड आलं ते अठराव्या शतकाच्या शेवटी. 1786 मध्ये माँ ब्लाँ या आल्प्समधल्या सर्वोच्च शिखरावर पहिली चढाई झाली तेव्हा खाली शामोनी गावात लोक दुर्बिणी लावून बसले होते. 1800 च्या जुलैमध्ये ऑस्ट्रियाच्या 3,798 मीटर उंच ग्रोसग्लॉकनरवर माणसं पोहोचली ती गुर्कचे बिशप झाल्म यांच्या मोहिमेतून. बिशप स्वतः काही माथ्यावर गेले नाहीत. वाट काढली आणि ओझी वाहिली ती आसपासच्या शेतकऱ्यांनी आणि सुतारांनी. माथ्यावर क्रूस लागला. ऐंशी वर्षांनी, 1880 मध्ये, तिथे लोखंडी क्रूस आला. तो सम्राट फ्रान्झ जोसेफ आणि सम्राज्ञी एलिझाबेथ यांच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाल्याच्या निमित्ताने! देवाच्या खुणेवर राजाचं नाव चढायला एक शतकही लागलं नाही.

जर्मनीतलं सर्वांत उंच शिखर झुगश्पिट्से, 2,962 मीटर. तिथल्या क्रुसाची गोष्ट माझ्या मनातून जात नाही. क्रिस्टोफ ओट नावाचे एक धर्मगुरू होहेनपाइसेनबर्गच्या वेधशाळेत हवामानाच्या नोंदी ठेवत. तिथून समोर झुगश्पिट्से दिसे, आणि बव्हेरियाच्या डोंगरांचा हा राजा असा उघडा-बोडका उभा आहे याचं त्यांना वाईट वाटे. त्यांनी वर्गणी जमवली. 1851 च्या ऑगस्टमध्ये जवळजवळ पाच मीटर उंचीचा, 28 तुकड्यांत घडवलेला सोनेरी मुलाम्याचा लोखंडी क्रूस वनाधिकारी कार्ल कीन्डल यांच्या देखरेखीखाली हमालांनी पाठीवरून माथ्यावर नेला आणि तिथे जोडला. सोन्याचा मुलामा कशासाठी? दरीतून चमकावा म्हणून.

पुढे हवेने तो खिळखिळा झाला. 1882 मध्ये खाली आणून दुरुस्त केला आणि पश्चिमेच्या टोकाऐवजी पूर्वेच्या टोकावर बसवला. 1945 मध्ये अमेरिकन सैनिकांनी त्याच्यावर नेमबाजी केली. गोळ्यांची भोकं पडलेला तो क्रूस 1993 मध्ये उतरवला आणि त्याच घडणीचा नवा वर गेला. पण ज्या पश्चिम टोकावर तो आधी होता त्या टोकाचं काय झालं? 1938 मध्ये विमानवाहतुकीच्या नियंत्रणासाठी खोली बांधायची म्हणून ते सुरुंग लावून उडवलं. खोली कधी बांधलीच नाही. आज माथ्यावर तीन बाजूंनी पाळण्याच्या गाड्या येतात, उपाहारगृहं आहेत, मनोरे आहेत. क्रुसावर वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंच्या लोकांनी हे उडवलेलं टोक लक्षात ठेवावं असं मला कळकळीने वाटतं. लोखंडाच्या खुणेने डोंगर विद्रूप झाला की नाही यावर मतं अनेक असतील, पण तो माथा कायमचा गेला यावर दोन मतं होऊ शकत नाहीत.

क्रूस नसलेल्या खुणेचीही एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. स्लोव्हेनियातलं सर्वोच्च शिखर त्रिग्लाव, 2,864 मीटर. नावाचा अर्थ तीन डोक्यांचा. यातला ‘त्रि’ आपल्या ‘त्रि’चा सख्खा भाऊ. 1778 मध्ये चार स्थानिक माणसं त्यावर पहिल्यांदा पोहोचली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला हा मुलूख ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता आणि डोंगरातल्या वाटा, पाट्या, झोपड्या यांवर जर्मन बोलणाऱ्यांच्या क्लबांचा वरचष्मा होता. आपल्याच डोंगरात परक्या भाषेतल्या पाट्या वाचाव्या लागण्याचं दुःख दोव्ये गावचे धर्मगुरू आणि संगीतकार याकोब अल्याझ यांना सहन होईना. 1895 मध्ये त्यांनी गावाकडून माथ्यावरची काही चौरस मीटर जागा विकत घेतली. किंमत एक गुल्डन, म्हणजे तेव्हाचं एक ऑस्ट्रियन नाणं! मग अंतोन बेलेत्स या पत्रेकाम करणाऱ्या कारागिराकडून पत्र्याचा एक गोल मनोरा बनवून घेतला. तो जेमतेम माणसाच्या उंचीचा, वर निमुळतं टोपण आणि छोटा झेंडा. सुटे भाग हमालांनी वर नेले आणि 7 ऑगस्टला काही तासांत मनोरा उभा राहिला.

विरोधकांनी त्यावर आळ घेतला तो मोजणीखात्याच्या खुणेचा: माथ्यावरचा सर्वेक्षणाचा बिंदू अल्याझ यांनी नष्ट केला म्हणे. तो आळ टिकला नाही. धर्मगुरूने माथ्यावर क्रूस का लावला नाही, वादळात दोन-चार माणसांना आत उभं राहता येईल असा पत्र्याचा आडोसा का उभारला, हे मला फार बोलकं वाटतं. जागा आपली आहे, एवढंच त्यांना म्हणायचं होतं, आणि तेही स्लोव्हेनियन भाषेत. पहिल्या महायुद्धानंतर 1920 च्या रापालो कराराने इटली आणि युगोस्लाव्हियाची सीमा थेट या माथ्यावरून गेली, आणि मनोऱ्यावर आपापले रंग चढवण्याची चढाओढ सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर टोकावर लाल तारा आला. आज तो मनोरा राष्ट्रीय महत्त्वाचं स्मारक आहे, स्लोव्हेनियाच्या राजचिन्हात त्रिग्लाव आहे, आणि पहिल्यांदा चढणाऱ्याला माथ्यावर दोरीचे हलके फटके देऊन ‘दीक्षा’ देतात. 2018 मध्ये मनोरा हेलिकॉप्टरने खाली आणून दुरुस्त केला आणि पुन्हा जागेवर बसवला.

इटलीत 1900 च्या पवित्र वर्षाच्या निमित्ताने ख्रिस्ती युगाच्या 19 शतकांसाठी 19 डोंगरांवर ख्रिस्ताची स्मारकं उभारायची मोहीम निघाली. त्याच सुमारास, 1902 मध्ये, स्वित्झर्लंड-इटलीच्या सीमेवरच्या मॅटरहॉर्न शिखराच्या इटालियन टोकावर लोखंडी क्रूस आला. पण आज आल्प्समध्ये जे क्रूस दिसतात त्यांतले खूपसे महायुद्धांनंतरचे. परत आलेल्यांनी न परतलेल्या सोबत्यांसाठी ते वर नेले. गावातली तरुण पोरं, कुणाचा भाऊ, कुणाचा शाळासोबती. अशा क्रुसापाशी लोखंडी पेटीत वही असते, येणारा नाव आणि तारीख लिहितो. कुणी हरवलं तर शोधपथकाला त्या नोंदीचा आधार होतो. हे कळल्यावर ‘क्रूस म्हणजे धर्माची सत्ता’ हे सरसकट वाक्य माझ्या तोंडी येऊ शकत नाही.

उलट्या बाजूचं म्हणणंही पोकळ नाही. नामवंत गिर्यारोहक राइनहोल्ड मेस्नर वर्षानुवर्षं सांगत आले, की डोंगर सगळ्यांचा आहे, त्यावर कुठल्याही एका धर्माने वा विचाराने आपला शिक्का मारू नये. मात्र जुने क्रूस पाडावेत असं तेही म्हणत नाहीत. 2016 मध्ये बव्हेरियाच्या सीमेवरच्या शाफ्रॉइटर शिखरावरचा क्रूस कुणीतरी कुऱ्हाडीने तोडला. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये क्रिस्टियान मायर या कलावंताने एका शिखरावर रात्री उजळणारी तीन मीटरची चंद्रकोर उभारली, माथ्यांवर धर्मचिन्हं कशाला हा प्रश्न विचारण्यासाठी. चंद्रकोर पाहून गहजब झाला. ज्यांना शेजारचे क्रूस वर्षानुवर्षं खटकले नव्हते त्यांना ती एका दिवसात खटकली, इतके ते क्रूस डोळ्यांच्या सवयीचे झाले होते. कुऱ्हाड मात्र मला कुठल्याच कारणासाठी मान्य नाही. कुणाच्या तरी पाठीवरून ते लाकूड वर गेलेलं असतं.

29 मे 1953 ला एव्हरेस्टच्या माथ्यावर दोन माणसं होती. तेनझिंग यांच्या बर्फात चढायच्या कुऱ्हाडीला चार झेंडे होते, ते छायाचित्रात सगळ्यांनी पाहिले. त्यानंतर जे झालं ते कमी लोकांना आठवतं. तेनझिंग यांनी बर्फात छोटासा खड्डा केला, त्यात बिस्किटं, मिठाई आणि मुलीने दिलेली पेन्सिल ठेवली. तिथे राहणाऱ्या देवांना तो नैवेद्य. हिलरी यांनी त्याच्या शेजारी मोहिमेचे नेते जॉन हंट यांनी दिलेला लहानसा क्रूस पुरला. या वस्तू बर्फाखाली गेल्या. खालून त्या कुणाला दिसणार नव्हत्या, पुढच्या चढणाऱ्यालाही नाही. माँ एग्वीच्या तीन क्रुसांपासून ही गोष्ट किती लांब आहे!

आपल्या कळसूबाईच्या माथ्यावर, 1,646 मीटरवर, जेमतेम देऊळ मावेल एवढीच सपाटी आहे. काळसू नावाच्या मुलीची गोष्ट पायथ्याच्या बारी गावाच्या वाटेवर अजून सांगतात: भांडी घासणार नाही, केर काढणार नाही या अटीवर ती कामाला राहिली, अट मोडली तेव्हा डोंगरावर निघून गेली. तिथे देऊळ ही डोंगरावर ठेवलेली खूण नाही, डोंगरच ती बाई आहे. म्हणून त्या देवळाबद्दल मला कधी तक्रार वाटली नाही. तक्रार आहे ती त्याच्याभोवती दर मोसमात वाढणाऱ्या पाट्या, फलक, कातळावर रंगवलेली मंडळांची नावं यांची. फेरारी इटलीत जे म्हणाले ते मी इथे म्हणेन: आहे ते जपा, नवं काही वर नेऊ नका.

एका नवरात्रात पहाटे मी शेवटच्या लोखंडी शिडीशी दम खात थांबलो होतो. खालच्या वाडीतली एक म्हातारी अनवाणी माझ्या पुढे निघून गेली, पदरात झेंडूची फुलं. मी वर पोहोचलो तोवर तिने फुलं वाहिली होती, ओटी भरली होती. जागचे उठताना तिने आदल्या दिवसाचं सुकलेलं निर्माल्य दोन्ही हातांनी गोळा केलं, पदरात बांधलं आणि ती उतरायला लागली.